चावीचा गाळा आणि फुटलेली डिस्क

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती भट्टीत तापवतो, ठोकून बसवतो आणि वरून पाणी ओततो. आकसलेली धाव चाकाला अशी आवळते की दुसरा आधार लागत नाही. वाफेच्या टर्बाइनमध्येही शाफ्टवर डिस्क तापवूनच चढवत. मात्र पकड कधी सुटलीच तर डिस्क जागची फिरू नये, म्हणून जोडीला चावीही घालत, म्हणजे दोघांमध्ये कोरलेल्या गाळ्यात बसणारा धातूचा तुकडा. मला या साऱ्यात तीच चावी महत्त्वाची वाटते.

फिरणारी डिस्क ताणली जाते आणि तिचं भोक मोठं होतं. वेग दुप्पट झाला की ताण चौपट. आतला शाफ्ट त्या मानाने कमी फुगतो. त्यामुळे यंत्र थांबलेलं असताना घट्ट वाटणारी पकड पूर्ण वेगात ढिली पडते. शिवाय डिस्कमधला सर्वांत मोठा ताण भोकाच्या कडेलाच असतो. चावीचा गाळा कोरायचा तो नेमका तिथेच!

19 सप्टेंबर 1969 रोजी इंग्लंडमधल्या हिंक्ली पॉइंट ए अणुवीज केंद्रात 87 मेगावॅटच्या टर्बाइनची अतिवेग चाचणी चालू होती. नेहमीचा वेग मिनिटाला 3000 फेऱ्यांचा. काटा 3200 च्या आसपास पोचला आणि कमी दाबाच्या भागातली एक डिस्क फुटली. पाठोपाठ यंत्राची दैना झाली. तपासात तडे सापडले ते भोकातल्या अर्धगोल गाळ्यात. तिथे वाफेची ओल साचत होती, ताण होताच, आणि दोन्हींनी मिळून पोलाद आतून चिरत नेलं होतं. पोलाद इतकं ठिसूळ होतं की दोन मिलिमीटरही खोल नसलेला तडा डिस्क फोडायला पुरला. सुरक्षेसाठी घातलेल्या चावीनेच घात केला, हे वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं.

पुढे डिस्कच्या भोकातले गाळे टाळले जाऊ लागले. शाफ्ट आणि डिस्क एकाच घडीव ठोकळ्यातून काढायची पद्धत रुळली. ब्राउन बोव्हेरी कंपनी तर 1930 च्या सुमारापासूनच वेल्डिंगने जोडलेले रोटर बनवत होती. त्यात भोकही नाही आणि चावीही नाही.

दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचं मात्र तसं करून भागत नाही, ते पुन्हा काढावं लागतं. इथे उपयोगी पडली ती एसकेएफ कंपनीच्या एरलंड ब्राट यांची 1940 च्या दशकातली युक्ती: दोन पृष्ठभागांमध्ये प्रचंड दाबाने तेल घालायचं, हब, म्हणजे कपलिंगचा शाफ्टवर बसणारा भाग, तेलाच्या थरावर निमुळत्या शाफ्टवर (टेपरवर) सरकवायचा आणि दाब सोडून द्यायचा. वेगवान कॉम्प्रेसरच्या कपलिंगसाठी मी विनाचावीचा हाच टेपर निवडेन. पण मग पकड किती हवी, हे कमाल वेगाला हब किती फुगेल ते धरूनच काढायला हवं.

1:24 च्या टेपरवर हब एक मिलिमीटर पुढे गेला की व्यासावर जेमतेम 0.04 मिलिमीटरची आवळण मिळते. म्हणून हब चढवताना फिटरची नजर पंपाच्या दाबाइतकीच डायल गेजवर खिळलेली असते.