वळताना मागून येणारी कटकट: लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअलचं ऑइल कसं निवडायचं

आजचा विषय मोजक्या लोकांचा आहे, पण ज्यांचा आहे त्यांचे पैसे त्यात बरेच अडकलेले असतात.

इंदूरला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी मला त्यांच्या गाडीचा छोटा व्हिडिओ पाठवला. दोन दारांची स्पोर्ट्स कार, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, सेकंड हँड घेतलेली. सोसायटीच्या पार्किंगमधून हळू वळून बाहेर पडताना मागून 'कट-कट-कट' असा आवाज आणि सीटखाली हिसके. सरळ रस्त्यावर मात्र काहीही नाही. गॅरेजवाल्याने निदान करून टाकलं होतं: डिफरन्शिअल गेलं, उतरवावं लागेल, सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील. मी एकच विचारलं, हल्ली मागचं ऑइल बदललं होतं का? बदललं होतं, महिन्यापूर्वीच. नामांकित कंपनीचं, बिलावर स्वच्छ लिहिलेलं, जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. ऑइल चांगलंच होतं. फक्त त्या गाडीचं नव्हतं.

असं का, ते समजायला आधी डिफरन्शिअलच्या आत डोकवावं लागेल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक फरफटत जाईल, म्हणून मध्ये डिफरन्शिअल बसवतात. साध्या डिफरन्शिअलचा स्वभाव असा की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि तो किती हे ज्या चाकाची पकड कमी त्याच्यावरून ठरतं. जोरात वळण घेताना आतलं चाक हलकं होतं; त्याच वेळी ॲक्सिलरेटर दाबला की ते जागच्या जागी गरगर फिरतं आणि पकड असलेलं बाहेरचं चाक नुसतं बघत बसतं. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री शर्यतीच्या गाड्यांना हाच त्रास होता. त्यावर जर्मनीतल्या झेडएफ कंपनीने जे उत्तर काढलं, त्याच घराण्यातलं हे आपलं लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल. ते दोन चाकांना थोडंसं एकमेकांशी बांधून ठेवतं. कसं बांधतं, याचे मात्र निरनिराळे प्रकार आहेत आणि ऑइलचा सगळा प्रश्न त्या 'कसं'मध्ये आहे.

क्लच-प्रकार आधी घेऊ, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. (हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुणी सर्व्हे केलेला नाही.) यात पातळ चकत्यांची थप्पी असते. एक चकती बाहेरच्या डब्याला अडकलेली, पुढची चाकाकडे जाणाऱ्या गिअरला, मग पुन्हा डब्याला, अशी. स्प्रिंग त्यांना दाबून धरते, आणि बहुतेक रचनांत इंजिनाचा जोर वाढला की दाबही वाढतो. म्हणजे इथे घर्षण हवं असतं. इंजिनात आपण ऑइल टाकतो ते घर्षण कमी व्हावं म्हणून. इथे त्याच ऑइलने गिअरचे दात वाचवायचे, पण चकत्यांची पकड मात्र घालवायची नाही.

आता लोखंडी कपाट फरशीवरून ढकलून बघा. आधी हलत नाही, मग एकदम सुटतं, पुन्हा अडकतं, पुन्हा सुटतं. थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त असतं म्हणून हे होतं. पार्किंगमध्ये हळू वळताना चकत्या एकमेकींवरून अगदी सावकाश घसरायला हव्यात. त्या कपाटासारख्या अडकत-सुटत गेल्या की तोच आवाज कट-कट म्हणून ऐकू येतो. हे होऊ नये म्हणून ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं द्रव्य घालतात. त्याचे रेणू धातूला चिकटून एक पातळ थर करतात आणि अगदी हळू घसरतानाचं घर्षण उतरवतात. चकत्या मग न अडकता, एकसारख्या सरकतात. इंदूरच्या गाडीत नेमकं हेच द्रव्य नव्हतं. जीएल-५ हा शिक्का त्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग जीएल-५ काय सांगतं? मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत क्राउन व्हील आणि पिनियन हायपॉइड पद्धतीचे असतात, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घासतात. तिथे ऑइलचा थर फाटू शकतो, म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती धातूवर संरक्षक लेप धरतात. जुन्या गिअर ऑइलचा तो उग्र वास त्यांचाच. जीएल-५ मध्ये ही संयुगं जीएल-४ पेक्षा बरीच जास्त असतात. तेव्हा हायपॉइड एक्सलला जीएल-५ हवंच, ही पहिली अट. पण ती पहिली अट आहे, शेवटची नाही.

दुसरी अट डब्यावर बारीक अक्षरात असते. मोटुलचं गिअर ३०० आणि गिअर ३०० एलएस हे दोन डबे शेजारी ठेवा. दोन्ही ७५डब्ल्यू-९०, पण लिमिटेड-स्लिपसाठी आहे ते एलएसवालं. रेड लाइनचं तर उलटं आहे: साध्या ७५डब्ल्यू-९० मध्ये फ्रिक्शन मॉडिफायर आहे, आणि नावापुढे एनएस लागलं तर नाही. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम गाड्यांच्या मालकांना ही अक्षरं तोंडपाठ असतात: लॉक होणाऱ्या डिफरन्शिअलला एसएएफ-एक्सजे, साध्याला एसएएफ-एक्सओ. जे आणि ओ, एवढाच फरक. काउंटरवरचा मुलगा घाईत असला तर तुमचं नशीब.

काही कंपन्या हे द्रव्य वेगळ्या बाटलीत देतात. अमेरिकेत फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉक डिफरन्शिअलसाठी एक्सएल-३ नावाची बाटली मिळते, ११८ मिलिलिटरची. इथे आपल्याकडची एक सवय नडते: थोडं जास्त टाकू, बिघडणार तर नाही ना? बिघडतं. हे द्रव्य जास्त झालं तर चकत्या धरतच नाहीत, आणि भरपूर पैसे मोजून घेतलेलं लिमिटेड-स्लिप साध्या डिफरन्शिअलसारखं वागायला लागतं. त्याचा आवाज येत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. कळतं ते पावसात, वळणावर, आतलं चाक सुटल्यावर. डब्यावर लिमिटेड-स्लिपसाठी असं लिहिलेलं असेल तर वरून बाटली ओतू नका. कट-कट राहिलीच तर थोडं थोडं घालत जायचं.

आता दुसरे प्रकार. माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची छोटी ओपन गाडी १९८९ साली आली. भारतात ती कंपनीने विकली नाही, पण समजवायला उत्तम, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळे प्रकार बसले. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाच्या गाडीत व्हिस्कस प्रकार मिळायचा. त्यात घट्ट सिलिकॉन द्रव बंद डब्यात सील केलेला असतो आणि दोन चाकांच्या वेगात फरक पडला की तोच विरोध करतो. बाहेरच्या गिअर ऑइलचा त्या कामाशी संबंध नाही. १९९४च्या मॉडेलपासून १.८ लिटर गाडीत टॉर्सेन आलं. हे नाव टॉर्क आणि सेन्सिंग या शब्दांतून केलेलं, शोध अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लिझमन यांचा, १९५८चा. यात चकत्यांच्या थप्पीचा क्लच नसून गिअरच जोराखाली एकमेकांवर आणि घरावर रेटले जातात. दोन्हींसाठी माझदाने सांगितलेलं ऑइल अगदी साधं: जीएल-५, ९० ग्रेड, आणि उणे १८ अंशांखाली ८०डब्ल्यू. फ्रिक्शन मॉडिफायरची गरज नाही. टॉर्सेन घर्षणावरच जोर वाटतं, त्यामुळे तिथे घर्षण उतरवून उलट थोडं नुकसानच. याच गाडीत मालकाने हौसेने बाहेरचं क्लच-प्रकारचं युनिट बसवलं, की माझदाचं पुस्तक ऑइलपुरतं बाद. युनिट बनवणाऱ्याचा कागद बघायचा. सेकंड हँड गाडी घेताना म्हणून हा प्रश्न विचाराच.

प्रकार ओळखायला एक गॅरेजी युक्ती सांगतात. गाडी न्यूट्रल करून मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची आणि एक हाताने फिरवायचं. दुसरं उलट फिरलं तर साधं, त्याच दिशेला फिरलं तर लिमिटेड-स्लिप. क्लच-प्रकाराला हे बहुतेक लागू पडतं. टॉर्सेन मात्र हवेत, जोर नसताना, साध्यासारखं उलटं फिरू शकतं. त्यामुळे आधी पुस्तक, मग एक्सलवरची पट्टी, मग जॅक.

आणि ते आकडे. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, इंजिन ऑइलच्या ४० किंवा ५० इतकंच ते दाट. डब्ल्यूचा आकडा थंडीचा: ७५डब्ल्यू उणे ४० अंशांना तपासतात, ८०डब्ल्यू उणे २६ला. लेह-लडाखला राहत नसाल तर या फरकाची झोप उडवून घेऊ नका. 'नागपूरचा उन्हाळा आहे, १४० टाकू' हेही मला पटत नाही. मे महिन्यातल्या हवेपेक्षा आतलं घासणं ऑइलला जास्त तापवतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्याला ७५डब्ल्यू-१४० लागू शकतं, किंवा पुस्तकातच ते लिहिलेलं असेल तर. रोजच्या ट्रॅफिकमध्ये उगाच दाट ऑइल म्हणजे इंजिनावर ओझं.

जिथे गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, उदाहरणार्थ होंडाची इंटेग्रा टाइप आर किंवा मॅन्युअल गिअरची पोर्श ९११, तिथे वर सांगितलेलं काही लावू नका. त्या ऑइलला सिंक्रोमेश पण सांभाळायचे असतात. कंपनीने सांगितलेलंच ऑइल, विषय संपला.

इंदूरच्या गाडीत जुनं ऑइल काढून पुस्तकातलं लिमिटेड-स्लिप ऑइल भरलं. मग रिकाम्या मैदानात पंधरा मिनिटं हळूहळू इंग्रजी आठचा आकडा काढत गाडी फिरवली, म्हणजे नवं ऑइल चकत्यांच्या मध्ये शिरतं. आवाज त्याच संध्याकाळी कमी झाला, दोन दिवसांत गेला. गेला नसता तर चकत्या झिजल्या असं धरून गॅरेजवाल्याचंच ऐकावं लागलं असतं. आणि आवाज वळताना न येता सरळ रस्त्यावर वेगाबरोबर चढणारा, घूं-घूं करणारा असता, तर तो बेअरिंगचा किंवा क्राउन-पिनियनचा, त्याला कुठलंच ऑइल बरं करत नाही.

स्वतः बदलणार असाल तर दोन गोष्टी. ड्रेन प्लगवर लोहचुंबक असतो. त्यावर राखाडी मलमासारखा गाळ दिसला तर घाबरू नका, दाताचे तुकडे किंवा सुया दिसल्या तर गाडी हलवू नका. आणि ड्रेन प्लगला पाना लावायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. तो गंजून बसलेला असला आणि खालून ऑइल सगळं वाहून गेलं, तर गाडी तिथेच उभी राहील आणि तुम्ही टोइंगवाल्याचा नंबर शोधत बसाल. माझं एकदा झालंय.