छातीतली जळजळ आणि अकोल्याची वाट

मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट. अब्बा पन्नाशी ओलांडलेले. शुगर होती, पण गोळ्या आठवतील तेव्हाच. रात्री दावतीहून आले आणि छातीत जळजळ सुरू झाली. अम्मीने ओवा दिला, मग सोडा दिला. फजरच्या वेळी घाम फुटला, डावा हात जड झाला, तरी 'पित्त आहे, उतरेल' म्हणून पडून राहिले. ईसीजी निघाला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. अल्लाहच्या कृपेने ते वाचले. पण आता मशिदीपर्यंत चालत जातानाही त्यांना मध्ये बसावे लागते. त्या आठ तासांत हृदयाचा जो भाग मेला, तो परत येत नाही.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःला रक्त मिळते ते त्याच्या भिंतीत पसरलेल्या वेगळ्या वाहिन्यांतून. हे तेराव्या शतकात हकीम इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले होते. जन्म दमास्कसकडचा, हयात कैरोत गेली. फुप्फुसांतून होणारे रक्ताभिसरणही त्यांनीच आधी सांगितले. त्यांचे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनमध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागले, तेव्हा कुठे जगाला त्याची दखल घ्यावी लागली.

या वाहिन्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबी साचते. दुखत नाही, कळत नाही. बीपी, शुगर आणि तंबाखू अस्तर खराब करतात, मग चरबीला जागा मिळते. एके दिवशी त्या थरावरचे आवरण फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. म्हणून 'कालपर्यंत तर ठणठणीत होते' हे वाक्य मय्यतीत इतके ऐकू येते.

आमच्या वऱ्हाडात खर्रा हा मोठा गुन्हेगार. बिडी सोडली म्हणून समाधान मानणारे दिवसभर खर्रा चघळतात. तंबाखू तोंडातून गेली तरी रक्तातच पोचते. दुसरा प्रकार, कढईतले तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणे. बिर्याणीला दोष देण्याआधी भज्यांच्या कढईकडे पाहावे.

आता वाटेचे बोलू. वाशीमहून अकोला साधारण ऐंशी किलोमीटर. रिसोड, मानोऱ्याहून आणखी दूर. म्हणून पहिले काम १०८ ला फोन आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी. मोठे हॉस्पिटल लांब असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देता येते. ते जितके लवकर, तितका हृदयाचा भाग वाचतो. बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग उरत नाही. रुग्णाला चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये. फोनवर डॉक्टर सांगतील तर अ‍ॅस्पिरिन चावून घ्यायची, गिळायची नाही. पहिला ईसीजी ठीक आला आणि त्रास थांबला नाही, तर थोड्या वेळाने दुसरा काढून घ्यावा.

पुढे अँजिओग्राफी, गरज पडल्यास फुगा आणि स्टेंट किंवा बायपास. फुग्याने वाहिनी उघडण्याची पद्धत १९७७ मध्ये झ्युरिकला सुरू झाली. खर्चाच्या धाकाने लोक थांबतात, पण फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत तयार ठेवा, रात्री शोधाशोध नको. स्टेंट बसला म्हणजे रोग गेला असे नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होते.

रमजानमध्ये हाच घोळ होतो. आजाऱ्याला रोज्याची सवलत कुरआनमध्येच आहे (सूरह बकरा), तरी लोक गोळ्या चुकवतात. महिनाभर आधी डॉक्टरांना विचारले तर काहींच्या गोळ्या सहेरी आणि इफ्तारला बसवता येतात. ज्यांना नुकताच झटका आला आहे, त्यांना ते नाहीच म्हणतील.

आणि भगिनींनो, तुमच्या छातीत दुखेलच असे नाही. जबडा, पाठ, मळमळ, धाप, विनाकारण थकवा, एवढ्यावरही भागते. शुगर असेल तर तेवढेही नाही. त्या मंगरुळपीरच्या अम्मींनी स्वतःचे बीपी मोजून किती वर्षे झाली, असे आम्ही विचारले. त्या हसल्या. शेवटचे धाकट्याच्या बाळंतपणात मोजले होते.