छताला टाइल लावताना

छत काळवंडले, की खोली उदास दिसते. हल्ली थर्माकोलच्या हलक्या टाइल मिळतात. त्या डिंकाने छताला चिकटवता येतात. काम घरच्या दोन माणसांनी करण्याजोगे आहे. पण घाई नको. आम्ही घाई केली आणि फसलो.

आमच्या स्लॅबला जुना चुना होता. आम्ही तो खरवडला नाही. तशाच टाइल लावल्या. चौथ्या रात्री सात टाइल धपाधप खाली आल्या. खाली आमचा नातू निजला होता. टाइल हलक्या, म्हणून त्याला लागले नाही. पण पोर दचकून रडत उठले. टाइल उलटून पाहतो तो काय, डिंकावर चुन्याचा पापुद्रा! डिंकाने चुन्याला घट्ट धरले होते. चुन्याने छत सोडले होते.

म्हणून आधी छतावर हात चोळून पाहा. हाताला पांढरे लागले, तर चुना खरवडा. ओल्या फडक्याने पुसा आणि चांगले वाळू द्या. छत गळत असेल, तर आधी गळती बंद करा. टाइल ओल झाकते, बरी करत नाही.

आता हिशेब. खोली 10 फूट रुंद आणि 12 फूट लांब आहे. म्हणजे छत 120 चौरस फूट झाले. 2 फूट लांब, 2 फूट रुंद टाइल 4 चौरस फूट जागा घेते. 120 ला 4 ने भागले, की 30 टाइल. मोडतोडीसाठी 3 जास्त घ्या.

कोपऱ्यापासून सुरुवात करू नका. भिंती क्वचितच सरळ असतात. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढा. रंगाची दोरी ताणून छतावर दोन रेघा मारा. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथून टाइल लावत भिंतीकडे जा. मग कडेचे तुकडे दोन्ही बाजूंना सारखे येतात.

काही डिंक थर्माकोल खातात. उग्र वासाचा, रबरासारखा डिंक लावला, तर टाइल विरघळते. थर्माकोलला चालणारा डिंक मागा. आधी एका तुकड्यावर लावून पाहा. डिंकाचे नुसते ठिपके देऊ नका, सगळ्या पाठीला सारखा लावा. मग तळहाताने हलके दाबा. बोटांनी दाबले, तर खड्डे पडतात.

दिव्याजवळ काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. एकाने शिडी धरावी, दुसऱ्याने चढावे.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. थर्माकोल पेट घेते. जळताना वितळून थेंब पडतात आणि काळा, विषारी धूर होतो. म्हणून स्वयंपाकघरात, चुलीवर, देवघरात समईच्या वर ते मुळीच लावू नका. तिथे साधा रंगच बरा.

छत सुंदर दिसावे, हे खरे. पण त्याखाली आपली माणसे निजतात, हे आधी आठवावे.