सहाशे टाक्यांचा हेअरबँड

वारणानगरात संध्याकाळी ओट्यावर क्रोशाची सुई घेऊन बसलं, की कुणीतरी थांबतंच. परवा शेजारच्या काकूंनी माझ्या हातातला लाल, पिवळा आणि मोरपंखी हेअरबँड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हे मशीनवर विणून मिळतंय की आता!”

हा समज सगळीकडे आहे, पण तो खरा नाही. बाजारात स्वस्तात मिळणारे लोकरी पट्टे बहुतेक निटिंगच्या यंत्रावर झालेले असतात. नीट पाहिलं तर त्यांवर बारीक ‘व्ही’ आकारांच्या उभ्या रांगा दिसतात. क्रोशाचा टाका वेगळा. एकाच सुईने एक टाका पुरा करायचा, मगच पुढच्याला हात घालायचा. असं विणून बाजाराला माल पुरवणारं यंत्र अजून आलेलं नाही. लेस करणाऱ्या काही यंत्रांना क्रोशा मशीन म्हणतात, पण त्यांची वीण निटिंगचीच असते. क्रोशाची वस्तू दिसली, मग ती कितीही स्वस्त असो, ती कुणाच्या तरी हातानेच विणलेली असते.

दुसरा समज इलॅस्टिकचा. आत रबर घातल्याशिवाय पट्टा डोक्याला बसणार नाही, असं सांगतात. पण ताण विणीतूनही मिळतो. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर वेणीसारखे दोन पदर असतात. दोन्हींतून सुई घातली तर वीण सपाट होते. फक्त मागच्या पदरातून घातली, तर उसाच्या रानातल्या सरी-वरंब्यासारखे उंचवटे उठतात. ओढले की ते पसरतात, सोडले की मिटतात. म्हणून मी रुंदीला अर्ध्या खांबाचे बारा टाके घेते आणि आडव्या ओळी घालत लांबी वाढवते. डोक्याचा घेर ५५ सेंटीमीटर असेल, तर पट्टा ५० वरच थांबवायचा. उरलेलं काम ताण करतो. नवख्या मुली नेमक्या घेराएवढा विणतात आणि आठवड्याभरात तो कपाळावरून घसरायला लागतो.

रंग बदलताना गाठ मारली की झालं, हेही चूक. नवा रंग आधीच्या टाक्याच्या शेवटच्या ओढीतच आत घ्यायचा, म्हणजे रंगाची रेघ स्वच्छ येते. दोन्ही दोऱ्यांच्या शेपट्या बोटभर लांब ठेवून बोथट सुईने विणीत एकदा इकडे, एकदा तिकडे ओवायच्या. नुसती गाठ धुण्यात सुटते, आणि सुटली नाही तरी कपाळाला टोचते.

आता लोकर. आपण दुकानात ‘लोकर’ म्हणून मागतो, तो गुंडा बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो. तुकडा जाळून पाहा. मेंढीच्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि तिची राख चुरडली जाते; ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. खरी लोकर आपल्या जिल्ह्याला परकी नाही, पट्टणकोडोलीची घोंगडी तिचीच. पण दख्खनी मेंढीचा तो केस भरड, कपाळाला सोसत नाही. ॲक्रिलिक मऊ असतं आणि रंगही टिकतो, फक्त त्यावर इस्त्री फिरवू नका. वीण कायमची लुळी पडते. उन्हाळ्यासाठी मात्र सुती दोराच बरा, घाम टिपतो.

सगळ्यात खोल रुजलेला समज असा, की हे फावल्या वेळचं काम आहे. रुखवतातले रुमाल आणि दारावरची तोरणं याच समजात विणली गेली. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा-लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्या बायका दिवसाचे कित्येक तास परदेशी जाणारा माल विणत होत्या, तरी त्यांना कामगार न मानता घरी बसलेल्या गृहिणी मानलं जाई आणि मजुरी तुटपुंजी मिळे. मला ते आपल्या ओट्यावरचंच वाटतं. इथे उसाचं वजन काट्यावर होतं, दुधाला फॅट लागते, आणि त्यावर पैसे मिळतात. हेअरबँडचा भाव सांगितला की मात्र “लोकर केवढ्याची लागली?” एवढंच विचारतात.

सेंटीमीटरला एक ओळ धरली तर पट्ट्याच्या पन्नास ओळी, ओळीला बारा, म्हणजे सहाशे टाके. सरावाच्या हातालाही शेपट्या ओवण्यासकट दीड तास सहज जातो. मी आता सुरू करतानाच घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहिते. काकूंना तो कागद दाखवला, तेव्हा त्यांनी पट्टा पुन्हा हातात घेतला आणि एका ओळीतले टाके बोटाने मोजायला लागल्या.