परिग्रहण, निर्गम आणि शिथिल बंधने

ग्रंथालय हे शांततेचे आणि सदाचाराचे स्थान असल्याचा लौकिक सर्वत्र असला, तरी तेथील नित्याच्या व्यवहाराची भाषा कोणी कान देऊन ऐकली, तर इतकी निरागस आणि त्याच वेळी इतकी चावट भाषा दुसऱ्या कोणत्याही सरकारमान्य व्यवसायात सापडणार नाही, हे त्याच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. नवीन पुस्तक आले की प्रथम त्याचे ‘परिग्रहण’ होते, म्हणजे दाखल नोंदवहीत क्रमांक पडून त्याच्या अंगावर संस्थेचा शिक्का उमटतो. पुढे ‘देवघेव’ विभागातून त्याचा ‘निर्गम’ होतो. मुदत उलटूनही ते परतले नाही तर ‘विलंब शुल्क’ पडते. आणि अनेकांचे हात लागून ते जीर्ण झाले म्हणजे रीतसर ठराव करून ‘बाद’ केले जाते. हा सारा क्रम नवविवाहित कारकुनासमोर गंभीर मुद्रेने वाचून दाखविल्यास त्याच्या कानशिलांचा रंग बदलतो, कारण परिग्रहण आणि पाणिग्रहण यांत अंतर दोनच अक्षरांचे आहे. गांधीजींचे अपरिग्रहावरील पुस्तकसुद्धा कपाटात जाण्यापूर्वी या परिग्रहणातून सुटत नाही, ही आणखी एक गंमत.

हा चावटपणा उनाड वाचकांनी मागाहून चिकटवला, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो मला मान्य नाही. संस्कृतात ‘परिग्रह’ या शब्दाचा एक अर्थ पत्नी असाच आहे. ‘शाकुंतला’तला दुष्यंत आपल्या अंतःपुरातील अनेक राण्यांचा उल्लेख याच शब्दाने करतो. ज्या रामटेकला कालिदासाची रामगिरी मानण्याची परंपरा आहे आणि ज्या गावी १९९७ साली कालिदासाच्या नावाने संस्कृत विश्वविद्यालय उभे राहिले, ते नागपूरपासून हाकेच्या अंतरावर असताना, आपल्या परिभाषाकारांना या अर्थाचा विसर पडावा हे नवलच म्हणायचे; किंवा विसर पडला नसेल आणि समितीतला एखादा पंडित मिशीतल्या मिशीत हसला असेल, अशी शंका घेण्यास जागा आहे.

परिभाषेचा हा विषय नागपूरकरांना परका नाही. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि लाहोरहून आपली सरस्वती विहार ही संस्था येथे आणणाऱ्या डॉ. रघुवीर यांनी धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या जुळणीतून राज्यकारभारासाठी हजारो शब्द याच मुक्कामी घडविले. दफ्तर, दाखल, खारीज, अनामत, मुदत हे यावनी शब्द कचेरीत मुरलेले असल्यामुळे त्यांच्यावर कोटी करणे कठीण; कोरे तत्सम शब्द मात्र आपल्या पोटात हजार वर्षांचे काव्य घेऊन येतात, आणि कचेरीच्या मेजावर त्यातले काय सांडेल याचा भरवसा नसतो.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक जी विनवणी करीत, ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पाठ, कंबर आणि मान मोडून घेऊन, नजर खिळवून हे लिहिले आहे, तेव्हा त्याचा सांभाळ करा, असे एक लेखनिक सांगतो. दुसऱ्याच्या लेखणीतून पोथीच बोलू लागते आणि तेलापासून, पाण्यापासून व शिथिल बंधनापासून मला वाचवा, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी काकुळती करते. शृंगारकाव्यात ज्यांनी नीवीबंध सैल होताना पाहिला आहे, त्यांना हे शिथिल बंधन केवळ दोऱ्याचे वाटणे अशक्य. त्याही पुढे जाऊन एका प्रसिद्ध सुभाषिताने पुस्तक, स्त्री आणि द्रव्य ही एकदा परक्या हाती गेली की गेलीच, आणि परतलीच तर पुस्तक फाटून, स्त्री बिघडून व द्रव्य तुकड्यातुकड्याने येते, असा निवाडा दिला आहे. हा निवाडा एकतर्फी आहे. पुस्तकाची बिघडलेली अवस्था पाहून ग्रंथपालबाई आधी वाचकाचा जबाब घेतात. सुभाषितकाराने नेणाऱ्याचे नावसुद्धा विचारलेले नाही.

मराठीत कोटीला प्रतिष्ठा मिळाली ती वऱ्हाडात वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’मुळे आणि ज्यांचा अंत १९१९ साली नागपूरजवळच्या सावनेरला झाला त्या राम गणेश गडकऱ्यांमुळे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वाचकवर्गाला ‘ग्रंथपाल’ या शब्दात भिंतीवरची पाल न दिसती तरच आश्चर्य. आणि पुस्तकाच्या पाठीमागच्या सालस पानाला ‘मलपृष्ठ’ हे नाव कोणी बहाल केले, याचा तपास एखाद्या प्रबंधकाराने अवश्य करावा. मुलगा बापाची दुसरी आवृत्ती असतो, लग्नानंतर काही वर्षांनी जावई ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ होतो. हे शेरे घरोघर चालतात.

पण सर्वांवर कडी करतो तो इंग्रजीतून आलेला ‘इश्यू’. आपल्याकडे इश्यू म्हणजे अपत्य, आणि ग्रंथालयात इश्यू म्हणजे घरी नेलेले पुस्तक. महालातल्या राष्ट्रीय वाचनालयात, सीताबर्डीच्या राजाराम सीताराम दीक्षित वाचनालयात किंवा विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात, कुठेही उभे राहा, “मॅडम, माझ्या नावावर किती इश्यू आहेत हो?” या प्रश्नाला “चार, दोघांची मुदत संपली, एकाचा पत्ता नाही,” असे उत्तर मिळू शकते, आणि दोघांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. रंगत आहे ती या न वाटण्यातच.

वर्गीकरणाचे आकडेही मागे नाहीत. मेल्विल ड्यूई याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ आणि पाकक्रियेला ६४१.५ हा क्रमांक आहे. लैंगिक संबंध ३०६.७ वर, विवाह व कुटुंब त्यानंतर ३०६.८ वर, घटस्फोट त्याच घरात ३०६.८९ वर, आणि शिष्टाचार पार दूर ३९५ वर. या क्रमाकडे पाहून अमेरिकन समाजाविषयी जे निष्कर्ष काढायचे ते वाचकांनी काढावेत. खुद्द ड्यूईचे आचरण मात्र विनोदाचा विषय नव्हते. सहकारी स्त्रियांशी केलेल्या वर्तनामुळे त्याला १९०६ च्या सुमारास अमेरिकन ग्रंथालय संघातून दूर व्हावे लागले, आणि २०१९ साली आपल्या पदकावरून त्याचे नाव काढण्याचा ठरावही त्या संघाने केला. श्लेष बरोबरीच्यांत शोभतो; ऐकणारी हाताखालची असेल तर त्याला श्लेष म्हणू नये. आपल्या रंगनाथनांची गोष्टच निराळी. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळालाच पाहिजे, असा आग्रह आहे. वधूवर सूचक मंडळाने तो पाटीवर रंगवून घ्यावा इतका तो शुद्ध आहे.

द्व्यर्थी बोलण्याचा खरा गड ‘खडी गंमत’. विदर्भातल्या या तमाशात जे उघड्या मैदानावर चालते, ते ग्रंथालयात कुलूपबंद कपाटात जाते. र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत राहिले आणि त्यापायी त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा तर ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ती कथा अश्लील नसल्याचा निर्णय देऊन त्याची मुक्तता केली. सात वर्षे एवढा खल झालेला मजकूर आज वाचला तर त्याहून अधिक लज्जत परिग्रहणाच्या नोंदवहीत आढळेल, असे माझे मत आहे.

दिवाळी अंकांसाठी बहुतेक वाचनालये वेगळी वर्गणी घेतात आणि एकेका अंकामागे वाचकांची रांग असते. हा अंक तशा योजनेतून घरी नेला असल्यास, पाने न मुडपता, मुदतीच्या आत परत करावा.