यंदा पटाला चला!

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं, वाणाच्या वाट्या-चमचे फडताळात गेले, की जानेवारीचे शेवटचे दिवस कसे सुने सुने वाटतात, नाही का? मुलांच्या परीक्षा अजून लांब असतात, ऊन बोचरं झालेलं नसतं, शेतात हरभरा घाट्यांवर आलेला असतो. अशा वेळी नेमकं घरातल्या पुरुषांचं आपसांत काहीतरी शिजतं आणि एका सकाळी ते 'पटाला जाऊन येतो' म्हणून निघतात. संध्याकाळी परततात ते धुळीनं माखलेले, घसा बसलेला, आणि तोंडात फक्त बैलांच्या गोष्टी. आपण मात्र कपडे भिजत घालायचे आणि ऐकायचं.

मैत्रिणींनो, यंदा तुम्हीही निघा. मुलांना घेऊन निघा.

लग्न होऊन पुण्या-मुंबईकडून वर्ध्याकडे आलेल्या मैत्रिणींना 'पट' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. शंकरपट ही विदर्भातली बैलांची शर्यत. घाटावरच्या शर्यतींत अनेक ठिकाणी चार-सहा गाड्या एकदम सुटतात. आपल्याकडचा पट वेगळा. सरळसोट आखलेल्या धावपट्टीवरून हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी पळते आणि तिची वेळ मोजली जाते. सेकंदाच्या तुकड्या-तुकड्यानं नंबर लागतात. धुरेवर बसून जोडी हाकणारा तो 'धुरकरी'. डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडी समोरून निघून जाते. पहिल्या खेपेला तर कळतच नाही, नुसता धुळीचा लोट आणि लोकांचा आरडाओरडा. तिसऱ्या-चौथ्या जोडीपासून मात्र डोळा बसतो. कुठला बैल मनापासून पळतोय आणि कुठला जोडीदाराच्या ओढीनं फरपटतोय हे आपल्याला दिसायला लागतं. (संसाराची उपमा तुमच्या मनात आलीच असेल, म्हणून मी देत नाही!)

वर्धा जिल्ह्यात घोराडला संत केजाजी महाराजांची यात्रा आहे, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे, महाशिवरात्रीला ढग्याला माणसांचा पूर लोटतो. पण पटाचं नाव निघालं, की नदीपलीकडच्या तळेगाव दशासरकडे बोट दाखवलं जातं. पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. मग धामणगाव रेल्वे आणि त्याच तालुक्यातलं हे गाव. तिथल्या कृषक सुधार मंडळाचा पट जुना आणि नावाजलेला. साधारण जानेवारीत भरतो, पण तारखा दर वर्षी मागेपुढे होतात, तेव्हा आधी चौकशी करून घ्या. आणि हो, बसमध्ये नुसतं 'तळेगाव' म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात आष्टी तालुक्यात तळेगाव श्यामजीपंत आहे. उतराल भलतीकडेच, आणि दिवसभर 'यांचं' ऐकून घ्यावं लागेल.

तळेगाव दशासरचंच नाव मी का घेते आहे, त्याचं खरं कारण पुढं आहे. तिथं बायकांचाही वेगळा पट होतो. होय, धुरेवर बाई!

ही गोष्ट दिसते तेवढी साधी नाही. बाईनं नांगराला हात लावू नये, ही समजूत आपल्याकडं किती खोल रुजलेली आहे हे खेड्यात माहेर असलेल्या बाईला सांगायला नको. निंदण बाईनं करायचं, कापूस बाईनं वेचायचा, गोठ्यातलं शेण, पाणी, वैरण, ढेप सगळं बाईनं बघायचं. पण कासरा हातात घ्यायची वेळ आली की 'तू सरक बाजूला'. म्हणजे बैलाला चारायचं आपण आणि मिरवायचं त्यांनी! पटावर मात्र बाई छकड्यावर चढते. कुणी पदर कमरेला घट्ट खोचलेला, कुणी सलवार-कमीजमध्ये. पुढं दोन-तीन गडी बैलांना धरून उभे असतात, ते बाजूला होतात आणि जोडी उधळते. त्या वेगात छकड्यावर तोल सांभाळणं हे काही शोभेचं काम नव्हे. हात कासऱ्यावर, नजर समोर, आणि पोटात गोळा. घरच्या गोठ्यात रोज बैलाशी बोलणारी बाईच हे करू शकते. बैलही तिचा आवाज ओळखतो, ते उगाच नाही.

गर्दीतल्या बायकांचे चेहरे बघा त्या वेळी. पुरुषांच्या पटाला त्या जरा मागं, झाडाखाली बसलेल्या असतात. बायकांचा पट सुरू झाला की उठून दोरापाशी येतात.

आता कुणी म्हणेल, वर्षातून एकदा कासरा हाती आला म्हणून काय झालं? सातबाऱ्यावर नाव कुणाचं? प्रश्न रास्त आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम हाती घेतला. नवऱ्यानं आपखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा, असा तो कार्यक्रम. काही गावांनी तो मनावर घेतला, बऱ्याच गावांनी नाही. पटावरून घरी आल्यावर तुमच्याकडच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, हे एकदा सहज विचारून बघा. शहरात राहणाऱ्या आपल्यालाही ते ठाऊक नसतं.

पण बैलाचं काय? मला ठाऊक आहे, वाचता वाचता तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या मनात हा प्रश्न आला असेल. मुक्या जनावराला पळवायचं, मारायचं, यात कसला आलाय आनंद! हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. केंद्र सरकारनं २०११ मध्ये, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत अशांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद पडले. २०१७ मध्ये राज्यानं स्वतःची कायदा-दुरुस्ती केली, पण तीही न्यायालयात अडली. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

या अटी आपल्याला ठाऊक असायला हव्यात, कारण त्या पाळल्या जातात की नाही हे बघणारे डोळे जितके जास्त तितकं बरं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जनावरांच्या डॉक्टरनं बैल तपासायचा असतो. काठी, चाबूक, विजेचं यंत्र, आरीची तुतारी (घाटावर तिला पराणी म्हणतात), काही म्हणजे काही वापरायचं नाही. बैलाचे हाल केल्याचं सिद्ध झालं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा कुणी शेपटी पिरगाळताना, टोचताना दिसला तर 'जाऊ दे, आपल्याला काय करायचंय' म्हणू नका. तिथं डॉक्टर असतो, पोलीस असतात. त्यांना जाऊन सांगा. चार बायका मिळून गेल्या तर दखल घेतली जाते, हा आपला नेहमीचाच अनुभव.

आणि दुसरी बाजूही सांगते. पट बंद होते त्या वर्षांत पटाच्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मशागतीला ट्रॅक्टर आला, ओझं वाहायला टेम्पो आला. मग बैल कशासाठी ठेवायचा? वर्धा जिल्ह्यात तर हा प्रश्न जास्तच जिव्हाळ्याचा, कारण आपली स्वतःची एक गोजात आहे, गवळाऊ! आर्वी, कारंजा, आष्टी हा तिचा मुलूख. पुढं नागपूर, छिंदवाडा, बालाघाटपर्यंत ती पसरलेली. अंगानं हलकी, रंगानं पांढरी. बैलाच्या मानेवर आणि वशिंडावर करडी झाक. तोंड लांबट, डोळे बदामी. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांनी झपाट्यानं नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असं सांगतात. तिची चाल पाहिली की ते पटतं. दुधाला मात्र ती काही फार नाही, एका वेताला सरासरी ६०० किलोच्या आसपास. म्हणून लोक संकरित गाईंकडं वळले आणि गवळाऊ कमी होत गेली. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे, तिथं ती राखली जाते. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात सगळी कामं बाजूला ठेवून वर्ध्यात गोसेवेला वाहून घेतलं होतं. ११ फेब्रुवारी १९४२ ला ते गेले, तेव्हाही हेच काम त्यांच्या हाती होतं. पटाच्या मैदानात उभं राहिलं की ही सगळी माहिती पुस्तकातली राहत नाही. एवढा देखणा बैल जर कुठंच लागेनासा झाला तर तो कोण पोसणार? मला स्वतःला वाटतं, तुतारीशिवाय, चाबकाशिवाय पळणारा पट टिकावा. पण पटाच्या बैलाला अंडी, दूध, उडीद आणि घरातल्या पोरांच्या पुढ्यात साधं वरण, असं ज्या घरात होतं त्या घरातल्या बाईला माझं हे म्हणणं पटणार नाही, हेही मी जाणते. पैजांवर पैसे लावणारे असतात, तेही खोटं नाही. घरच्या पुरुषांवर जरा नजर असू द्या!

पटाभोवती जत्रा असतेच. पाळणे, बांगड्यांची दुकानं, विळे-खुरपी, सुपं-टोपल्या. बैलांच्या साजाचं दुकान मुद्दाम बघा. घुंगरमाळा, म्होरक्या, रंगीत गोंडे, पितळी घंटा. एखादी छोटी घंटा दाराला बांधायला छान दिसते. खुरपं तुम्हाला कुंडीतल्या झाडांसाठी हवंच असेल, ते लोहाराकडूनच घ्या. शहरातल्या दुकानातल्यापेक्षा दसपट टिकतं.

मुलं मात्र धावतील ती फुगे फोडायच्या बंदुकीकडं. पूर्वी या भागात बडी मंडळी शिकारीला जायची, त्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं. आपल्या बोरच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. रानडुकरांनी उभं पीक लोळवलं तरी शेतकरी रात्रभर मचाणावर जागल करतो, डबे वाजवतो. म्हणजे आता बंदूक राहिली ती फुग्यांपुरती. छऱ्याची असली तरी ती बंदूकच आहे, बरं का! नेम धरणाऱ्याच्या मागंच उभं राहायचं, लहानग्यांना फळीजवळ जाऊ द्यायचं नाही, आणि नळी माणसांकडं वळवायची नाही, हे आधीच बजावून ठेवा. छरा उलटून डोळ्याला लागू शकतो. एखादी खेप तुम्हीही मारून बघा. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला नेम धरणं काही जड जात नाही.

आता थोडं तयारीचं. आदल्या रात्री दशम्या करून ठेवा. कणीक किंवा ज्वारीचं पीठ दुधातच भिजवायचं, पाण्याचा थेंब नको, म्हणजे दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि मिरचीचा ठेचा. दही नको, धक्क्यांनी सांडतं. पाणी घरचंच न्या. तिथं आलूबोंडा खायचा मोह होईल, तो गरम कढईतून निघालेलाच घ्या. ओळखीपाळखीच्या कुणी रोडगे लावले असतील आणि 'या जेवायला' म्हटलं तर मात्र आढेवेढे घेऊ नका. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा, त्यावर तुपाची धार आणि पातळ, झणझणीत वांग्याची भाजी... घरच्या गॅसवर हे जमत नाही, कितीही खटपट केली तरी.

धूळ फार उडते, तेव्हा चांगली साडी नको. दुपट्टा असू द्या. दागिने घरी. लहान मुलांच्या खिशात नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. 'लाल नेसू नका, बैल अंगावर येतो' असं कुणीतरी सांगेलच. त्यात तथ्य नाही. बैलाला लाल रंग आपल्यासारखा दिसतच नाही, तो बिचकतो हालचालीला. म्हणून छत्री फटकन उघडू नका, पदर फडफडू देऊ नका आणि जोडी सुटताना मोबाइलचा फ्लॅश मारू नका. उभं राहायची जागाही बघून घ्या. दोराच्या अलीकडे, आणि धावपट्टीच्या शेवटाला तर अजिबात नाही. रेघ ओलांडली तरी जोडी लगेच थांबत नाही, पुढं बरीच लांब जाते.

परतताना पुलगाव किंवा धामणगावहून रेल्वे मिळते. वर्ध्याला उतरलात आणि वेळ असला तर गोरस भंडारातून गोरसपाक घ्या. गाईच्या तुपातला, तोंडात विरघळणारा, आणि डब्यात चांगला टिकतो. बाहेरगावच्या नणंदेला पाठवायला याहून बरं काही नाही. स्वतःच्या गाडीनं गेला असाल तर अंधार पडायच्या आत निघा. त्या वेळी रस्त्यानं जोड्या घरी परतत असतात. दिवसभर पळून दमलेले बैल हॉर्ननं बुजतात, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला सांगा की मागं मागं सावकाश राहा, आणि धुरकऱ्यानं हात केल्यावरच पुढं काढा.