एक शहर, एक पुस्तक

तुमच्या वर्गात चाळीस-पन्नास मुले एकच धडा वाचतात. त्यात नवल काही नाही. पुस्तक सर्वांना एकच आणि परीक्षाही एकच. पण समजा, परीक्षा नाही, गुण नाहीत, कोणाची सक्तीही नाही, आणि तरी तुमच्या साऱ्या गावाने एकच पुस्तक वाचायला घेतले तर? दुकानदार, रिक्षावाले, डॉक्टर, तुमची खाला, शेजारच्या आजी, सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक!

ही कल्पना अमेरिकेतील सिअ‍ॅटल या शहरात 1998 साली प्रत्यक्षात आली. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. माणूस पुस्तक एकट्यानेच वाचतो, पण वाचून झाल्यावर त्याला कोणाशी तरी बोलावेसे वाटते. हे त्यांना ठाऊक होते. तुम्हीही एखादी छान गोष्ट वाचली की मित्राला विचारता, ‘तू वाचलीस का रे?’ तो ‘नाही’ म्हणाला की बोलणे तिथेच संपते. तो ‘हो’ म्हणाला तर? म्हणून सगळ्या सिअ‍ॅटलने एकच पुस्तक वाचावे, असे आवाहन ग्रंथालयाने केले.

या नॅन्सीबाईंची पुढे, 2003 साली, एक बाहुली निघाली. तिच्या पाठीवरचे बटण दाबले की ती ओठांवर बोट ठेवून ‘गप्प बसा’ अशी खूण करते! गंमत अशी, की खऱ्या बाईंनी सारे शहर बोलते केले होते.

पहिले पुस्तक होते रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. एका लहान गावात शाळेच्या बसला अपघात होतो. अनेक मुले मरण पावतात. दोष कोणाचा? चालकाचा, रस्त्याचा, की कोणाचाच नाही? ही कथा चार माणसे आपापल्या परीने सांगतात. पुस्तक दुःखाचे आहे. मग तेच का निवडले? कारण ते वाचून दोन माणसांचे मत सहसा एक होत नाही. सगळे ‘वा, छान!’ म्हणून उठून गेले, तर चर्चा कशाची करणार?

ग्रंथालयाने तयारी कसून केली. पुस्तकाच्या पुष्कळ प्रती घेतल्या. लेखकाची माहिती आणि चर्चेसाठी प्रश्न यांची पुस्तिका काढली. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर ज्यांचे उत्तर संपते, असे प्रश्न अशा ठिकाणी कामाचे नसतात. लोक जमले, गोल करून बसले, बोलले. स्वतः लेखकही सिअ‍ॅटलला आले आणि वाचकांना भेटले.

तीन वर्षांनी, 2001 साली, शिकागो या फार मोठ्या शहराने हेच केले. त्यांनी हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही 1960 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी निवडली. तिच्यात एका काळ्या माणसावर खोटा आरोप येतो. तो निर्दोष आहे, हे पुरावाच सांगतो. एक गोरा वकील त्याची बाजू मांडतो आणि गावाचा राग ओढवून घेतो. ही सारी हकीकत त्या वकिलाची लहान मुलगी सांगते. शिकागोत पुस्तक वाचणाऱ्यांसाठी छातीवर लावायचे बिल्ले काढले होते. आगगाडीत समोरच्या माणसाच्या कोटावर तो बिल्ला दिसला, की अनोळखी माणसाशीही बोलायला विषय मिळे. शहरातील वकिलांच्या मदतीने खटल्याचा प्रयोगही करण्यात आला.

हा उपक्रम चालू असतानाच 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे विमानांचे हल्ले झाले. हजारो माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी मुसलमानांकडे, तसेच पगडी बांधणाऱ्या शिखांकडे लोक संशयाने पाहू लागले. काहींवर हल्लेही झाले. आता त्या कादंबरीतला प्रश्न आठवा. माणूस कोणत्या लोकांपैकी आहे, एवढ्यावरून त्याला गुन्हेगार ठरवायचे का? पुस्तक तर आधीच निवडलेले होते. पण एका जुन्या गोष्टीतला प्रश्न असा एकाएकी आजचा होऊन वाचकांपुढे उभा राहिला.

सगळीकडे हे इतके सुरळीत झाले नाही. 2002 साली न्यूयॉर्कमध्ये पुस्तक निवडण्यावरूनच वाद झाला. एक पुस्तक होते चँग-रे ली यांचे ‘नेटिव्ह स्पीकर’. त्याचा नायक कोरियन घराण्यातला अमेरिकन आहे. दुसरे होते जेम्स मॅकब्राइड यांचे ‘द कलर ऑफ वॉटर’. त्यात एका काळ्या मुलाने आपल्या गोऱ्या, ज्यू घराण्यात जन्मलेल्या आईची हकीकत सांगितली आहे. पहिल्याने आशियाई लोक दुखावतील, असे काहींना वाटले. दुसऱ्याने ज्यू लोक दुखावतील, असे इतर काहींना वाटले. शेवटी दोन गट पडले आणि दोघांनी दोन पुस्तके धरली. हॅरॉल्ड ब्लूम या नामवंत समीक्षकांना तर सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचण्याची कल्पनाच आवडली नाही. त्यांच्या मते वाचन ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे.

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. कोणी आपल्या हातात पुस्तक कोंबले, तर वाचनाची गोडीच जाते. पण ग्रंथालय सक्ती करत नाही. ज्याला वाचायचे तो वाचतो, आणि पुस्तक आवडले नाही, तर तेही सभेत उभे राहून सांगता येते. उलट मला वाटते, असा एक तरी माणूस सभेत असावाच. त्याच्यामुळे बाकीच्यांना आपले म्हणणे नीट मांडावे लागते.

न्यूयॉर्कचा वाद होऊनही उपक्रम पसरत गेला. झुंपा लाहिरी या भारतीय वंशाच्या लेखिकेच्या कथा शिकागोने 2006 साली वाचल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी कलासंस्थेने ‘द बिग रीड’ या नावाने गावोगावच्या ग्रंथालयांना अशा कामासाठी पैसा द्यायला सुरुवात केली. पुढे 2008 साली एक वेगळाच प्रयोग झाला. अमेरिकेतील काही गावांनी इजिप्तचे नजीब महफूज यांची ‘अल-लिस्स वल-किलाब’, म्हणजे ‘चोर आणि कुत्रे’, ही कादंबरी इंग्रजीत वाचायला घेतली. आणि इजिप्तमधील वाचकांसाठी जी अमेरिकन पुस्तके निवडली, त्यांत शिकागोने 2001 साली वाचलेली, त्या वकिलाच्या लहान मुलीने सांगितलेली गोष्टही होती.